सलाला बंदराची चारशे मीटर रेल्वे

सलाला बंदराच्या रेल्वेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मस्कतच्या कचेऱ्यांतून मोठमोठे नकाशे पसरले गेले. सोहारपासून निघून, वाळवंट आडवे कापून, दुक्मवरून थेट दक्षिणेस सलालाच्या धक्क्यापर्यंत येणारी एक लाल रेघ त्यांवर होती. पुढे तेलाचे भाव कोसळले, रेघ बासनात गेली आणि नकाशे काढणारे आपापल्या देशी परतले. उत्तरेत आता सोहारहून अबुधाबीकडे रूळ खरोखरच पडू लागले आहेत; दक्षिणेच्या वाट्याला प्रत्यक्ष जमिनीवर आले ते केवळ चारशे मीटर. तेही बंदरात नव्हेत, तर डोंगर ओलांडून, थुमरैतच्याही पुढे पस्तीस किलोमीटरवर, जिथे उंटांखेरीज कोणी थांबत नाही अशा सपाट माळावर. त्यांवरून गाडी कधी जायचीच नव्हती. वाऱ्याने उडणारी वाळू रुळांवर किती साचते, एवढे पाहण्यासाठी एका सल्लागार कंपनीने ते टाकले होते. आणि ते पाहणारा माणूस म्हणून वसईजवळच्या नंदाखालहून युस्टेस तुस्कानो यांना आणले होते.

आले तेव्हा युस्टेस अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आता साठीस एक वर्ष कमी. पश्चिम रेल्वेत ते गँगमन म्हणून लागले. मग चावीवाला झाले, म्हणजे रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तुडवत रूळ जागी धरणाऱ्या, सैल झालेल्या लोखंडी चाव्या हातोड्याने बसवणारा माणूस. पुढे मुकादम, आणि खात्याच्या परीक्षा देत देत पर्मनंट वे इन्स्पेक्टर, म्हणजे लोहमार्गाचा निरीक्षक. डहाणूकडच्या त्यांच्या हद्दीला उत्कृष्ट देखभालीची ढाल दोनदा मिळाली होती. खडीत चिखल दिसला, रुळांखालच्या दोन आडव्या स्लीपरांमध्ये गवताची काडी उगवली, की त्यांना स्वतःच्या अंगावर मळके कपडे असल्यासारखे वाटे. साहेबाची तपासणी असो वा नसो, रूळ स्वच्छ असायचा. यात सांगण्यासारखे काही आहे असे त्यांना कधी वाटलेच नाही.

येथे आल्यावर त्यांच्या हाती एक कागद देण्यात आला. चारशे मीटर रुळालगत दर वीस मीटरवर एक असे एकवीस खांब पुरलेले होते. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक खांबापाशी स्लीपरवरच्या वाळूची उंची पोलादी पट्टीने मोजावी, मिलिमीटरांत लिहावी, खाली सही करावी. कागदावर बारा ओळी होत्या. तो देणारा परदेशी इंजिनिअर दुसऱ्याच महिन्यात गेला; करार दोन वर्षांचा होता, तो वाढत वाढत अकरा वर्षांवर आला. प्रकल्प थांबला तरी हे लहानसे काम कुठल्या तरी यादीत राहून गेले होते, आणि यादीतून ते काढण्याची सवड कोणाला झाली नव्हती.

युस्टेस यांनी एकही सकाळ चुकवली नाही, असे म्हणता येत नाही. हिवाळ्यात वारा पडलेला असताना ते रजेवर जात, तेव्हा गुलजार नावाचा मजूर पट्टी धरी आणि पिकअपचा ड्रायव्हर नूरुद्दीन आकडे लिही. पण जून ते ऑगस्ट त्यांनी माळ सोडला नाही. हेच वाऱ्याचे महिने. डोंगराच्या अलीकडे सलालात तेव्हा खरीफची, म्हणजे तिथल्या पावसाळ्याची, झिमझिम असते, दुबई-कुवेतची कुटुंबे हिरवे डोंगर पाहायला येतात. डोंगरापलीकडे मात्र तोच वारा कोरडा होऊन वाळू घेऊन धावतो. आई गेली ती जुलैत. मुलीचे, जेनिफरचे लग्न ठरले तेही, नवऱ्या मुलाची बोट सुटायची होती म्हणून, जूनमध्ये. दोन्ही वेळा त्यांनी फोनवर पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता पट्टी टेकवली. गावी गेले की चर्चच्या अंगणात कोणीतरी विचारायचेच, “युस्टेस, तुझ्या रेल्वेला डबा लागला का नाय अजून?” सारे हसत, तेही हसत. पण मनात म्हणत, अकरा वह्या आहेत. ज्या दिवशी ही लाइन होईल त्या दिवशी त्या वह्यांवाचून एक स्लीपर टाकता येणार नाही.

यंदाच्या मार्चमध्ये तो दिवस येण्याची चिन्हे दिसली. दक्षिणेच्या मार्गाचा अभ्यास पुन्हा हाती घेतला जात होता. मस्कतच्या कचेरीने वह्या मागवल्या. सोबतच्या पत्रात स्वच्छ लिहिले होते: श्री. तुस्कानो यांचा करार ३१ जुलैला संपतो. त्यांच्या नोंदी आखणीसाठी ग्राह्य ठरल्यास त्या त्यांच्या नावासह अहवालास जोडण्यात येतील व मार्गाच्या देखरेखीसाठी त्यांना ठेवून घेण्यात येईल. न ठरल्यास काय, ते पत्रात नव्हते; लिहिण्याची गरजही नव्हती. पामेलाने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ते पत्र फोनवर दोनदा वाचून घेतले.

वीस जुलैला दुपारी बारा वाजता मस्कतहून तेजश्री गद्रे आली. पुण्याची, तिशीही न गाठलेली, मार्गाच्या आखणीचे काम करणारी इंजिनिअर. विमानतळावरून भाड्याची गाडी स्वतः चालवत ती माळावर पोचली, तोंडावरची ओढणी सोडली आणि केबिनमध्ये शिरताच म्हणाली, “तुस्कानो काका ना? तुमच्या अक्षरावरून मला वाटलं होतं, उंच असाल.”

युस्टेस यांनी खुर्ची पुसून पुढे केली. नूरुद्दीन मंडणगडचा; मराठी माणूस आल्याचे पाहून तो उगाचच तिथे घोटाळत चहा करू लागला. तेजश्रीने लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या आलेखात त्यांच्या अकरा वर्षांच्या सकाळी दातेरी पात्यासारख्या उभ्या होत्या.

“तुम्हाला कल्पना नाहीये काका, ऑफिसात काय झालंय तुमच्या वह्या आल्यापासून,” ती म्हणाली. “असा रेकॉर्ड अख्ख्या गल्फमध्ये कुणाकडे नसेल. आता हे बघा. रोज सकाळी वीस, तीस, कधी चाळीस मिलिमीटर वाळू. सगळ्यात जास्त शहाण्णव, त्या वादळाच्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी काय? परत वीस. म्हणजे साचतच नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही. रात्री आणलेली वाळू दिवसा वाराच उचलून नेतो. इथे वारा रोज रूळ झाडून जातो, काका. या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी वाळूला अडवायची भिंत धरली होती, साठ किलोमीटर. ती आम्ही काढून टाकली.”

नूरुद्दीनच्या हातातला चहाचा ग्लास टेबलावर टेकता टेकता थांबला. केबिनच्या दाराबाहेर, सावलीच्या बाजूस, चार फावडी आणि तीन खराटे ओळीने उभे होते. सकाळी सात वाजता मोजणी झाली की युस्टेस, गुलजार आणि नूरुद्दीन ते घेऊन रुळावर उतरत, आणि दहाच्या आत चारशे मीटर लख्ख करून वर येत. पहिल्या दिवसापासून. ज्याने बारा ओळींचा कागद लिहिला त्याला कोणी हा रूळ झाडील हे सुचले नव्हते. ज्याने तो वाचला त्याला कोणी रूळ न झाडता ठेवील हे सुचले नव्हते.

सांगायचे ते शब्द युस्टेस यांच्या ओठांशी आले. पण तेजश्री पुढे बोलत होती: अहवालात त्यांच्या नावाचे परिशिष्ट, आखणीप्रमुखांनी खास सांगितलेले धन्यवाद, उद्या सकाळी त्यांची एक सही, दुपारच्या विमानाने तिचे परतणे. ते ऐकत राहिले. ती थुमरैतला मुक्कामाला निघाली तेव्हा त्यांनी गाडीचे दार उघडून धरले, एवढेच त्यांच्या हातून झाले.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत नूरुद्दीनने ग्लास विसळून ठेवले. मग म्हणाला, “म्हणजे सायब, अकरा वर्षं आपण तिघं वारा होतो म्हणायचं.”

युस्टेस हसले नाहीत. तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, की त्याचे काय, तो ड्रायव्हर. साहेब गप्प तर तोही गप्प. आणि गुलजारला विचारतो कोण.

सहा वाजता नेहमीप्रमाणे पामेलाचा फोन आला. तिने पहिलाच प्रश्न तो विचारला: “मग झालं ना काम? वह्या घेतल्या ना त्यांनी?” युस्टेस म्हणाले, बाई समाधानी दिसल्या. खोटे नव्हते ते. पामेलाचा आवाज इतका उजळला की त्यांना फोन कानापासून जरा दूर धरावासा वाटला. रविवारी फादरांना सांगून धन्यवादाची मिस्सा लावते, म्हणाली. आईच्या कबरीवर फुले नेते. आता त्या अंगणातल्यांना काय बोलायचे ते बोलू दे. युस्टेस म्हणाले, मिस्सेची घाई नको, सही उद्या आहे. ती म्हणाली, सहीचे काय एवढे.

सकाळी सात वाजता त्यांनी पट्टी घेतली. पहिला खांब, बावीस. दुसरा, एकोणतीस. अकराव्याशी त्रेचाळीस. बाराव्या वहीत आकडे लिहून झाले, सही झाली. गुलजारने न विचारता खराटा उचलला. त्याला थांबवायचे तर आताच, हे युस्टेस यांना कळत होते. आजचा एक दिवस वाळू तशीच ठेवली, खराटे केबिनमागे टाकले, की पाहणाऱ्याला काहीही दिसणार नव्हते. त्यांनी रुळाकडे पाहिले. स्लीपर वाळूखाली गेलेले, खडी अर्धी बुजलेली. ते स्वतः खाली उतरले आणि शेवटच्या खांबापासून झाडू लागले.

तेजश्री ठरल्याहून लवकर, साडेआठलाच आली. गाडीतून उतरता उतरता तिने तिघांना रुळावर वाकलेले पाहिले आणि हसत ओरडली, “काका, माझ्यासाठी एवढी साफसफाई कशाला? मी काय इन्स्पेक्शनला आलेय का?”

नूरुद्दीनने मान वर केली नाही. युस्टेस यांनी नुसते हो म्हटले की संपले होते. पाहुणी आली म्हणून केले, एवढे म्हणायचे होते.

“तुमच्यासाठी नाही,” युस्टेस म्हणाले. “रोजची आहे.”

“रोजची म्हणजे?”

“सातला मोजतो. मग झाडतो. दहापर्यंत संपतं.”

ती रुळाजवळ येऊन उभी राहिली. झाडलेला भाग आणि न झाडलेला भाग यांच्यामधली रेघ तिच्या पायाशीच होती. “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“पण वहीत नाहीये हे. एका पानावरही नाहीये.”

“वहीत वाळू लिहायची होती, मॅडम. आम्ही जेवलो, तेही वहीत नाही.”

“पण तुम्हाला झाडायला सांगितलं कुणी?”

युस्टेस यांना हा प्रश्न खरोखरच समजला नाही. “रूळ आहे तो,” ते म्हणाले.

केबिनमध्ये जाऊन तिने पहिल्या वहीला टाचलेला तो बारा ओळींचा कागद लॅपटॉपवर शोधून काढला, दोनदा वाचला, आणि कपाळ हातात धरून बसली. मग एकाएकी सरसावून म्हणाली, की रोजचा आकडा तर खरा आहे. रोज किती वाळू येते ते तर नक्की कळते. मग बेरीज करू. सात दिवसांची बेरीज, महिन्याची बेरीज, काहीतरी काढता येईल, ती स्वतः बसून काढील. ती मनापासून बोलत होती, आणि ती अशी बोलत असताना नुसते गप्प बसणे फार सोपे होते.

“बेरीज होत नाही,” युस्टेस म्हणाले. “वाळूला वाळू धरते. खडी उघडी असली तर निम्मी वाळू तिच्यातून पलीकडे निसटते. एक थर बसला की पुढची तिथेच अडकते. दोन दिवसांची वाळू एका दिवसाच्या दुप्पट नसते. कधी दीडपट असेल, कधी चौपट. ती नेमकी किती, ते बघायलाच तर मला इथे...”

वाक्य तिथेच राहिले. ते पुरे करण्याची गरज दोघांनाही नव्हती.

 मग तेजश्री पडद्याकडे पाहतच म्हणाली, “आणि मी हे नाहीच ऐकलं तर? काका, मी खरं सांगू? ही लाइन कधी होईल कुणालाच माहीत नाही. आधीचा रिपोर्ट कपाटात गेला, हाही जाईल. तुमचं नाव तरी राहील त्यात. कुणाचं काय बिघडणार आहे?”

“आणि लाइन झाली तर?”

तिने पडद्यावरून मान वळवून त्यांच्याकडे पाहिले.

“भिंत नाही, वाळू रुळाच्या डोक्यावर चढली, आणि समोरून मालगाडी आली,” युस्टेस अगदी सावकाश म्हणाले, “तर चाक उचललं जातं. मला ते समजावून सांगायला लागू नये. तुम्ही शिकलेल्या आहात.”

ती लिहू लागली. दोन ओळी लिहून तिने त्या वाचून दाखवल्या: या नोंदी विश्वासार्ह नाहीत. युस्टेस यांनी हात वर करून तिला थांबवले. असे लिहू नका, म्हणाले; त्यांतला एकही आकडा खोटा नाही.

“मग काय लिहू? तुम्हीच सांगा.”

त्यांनी खुर्चीत ताठ बसून विचार केला. रेल्वेत असताना अपघाताचे जबाब त्यांनी असेच दिले होते, एकेक शब्द तोलून. “लिहा. नोंदी बिनचूक आहेत. परंतु दररोज मोजणीनंतर रूळ पूर्णपणे साफ करण्यात येत असल्यामुळे मार्गाच्या आखणीसाठी त्या निरुपयोगी आहेत.”

“निरुपयोगी? दुसरा काही शब्द...”

“तोच शब्द आहे.”

त्याखाली त्यांनी सही केली. तेजश्रीने निघताना त्यांच्या पायांना हात लावला. ते संकोचून मागे सरले. रुळाचा अर्धा भाग अजून झाडायचा राहिला होता. तो त्या दिवशी तसाच राहिला.

दोन दिवसांत हुकूम आला. साठ किलोमीटरची भिंत पुन्हा नकाशावर चढली होती. चाचणीचा रूळ कोणीही हात न लावता पूर्ण हंगाम तसाच ठेवावा, सभोवार कुंपण घालावे, मोजणी कॅमेऱ्याने व्हावी. आत पाऊल टाकू नये, कारण पावलांच्या ठशांनीही वाळूचा थर मोडतो. जुन्या वह्या मस्कतलाच राहतील. श्री. तुस्कानो यांना एकतीस तारखेस कार्यमुक्त करण्यात येत आहे. कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाने बाकी राहिलेली बारावी वहीही, यादीत आहे म्हणून, सही घेऊन नेली.

पामेलाला त्यांनी त्याच संध्याकाळी सारे सांगितले. मिस्सा लावू नकोस, असे अगोदर सांगितले आणि कारण नंतर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.  मग तिने अगदी हळू विचारले, रागाने नव्हे, जणू खरोखरच माहिती हवी असावी तसे, “मग एवढी वर्षं तिकडे केलं काय?”

युस्टेस यांच्याकडे उत्तर एकच होते, आणि ते त्यांनी दिले. “झाडलं,” ते म्हणाले.

उरलेल्या दिवसांत काम काही नव्हते. तरी सात वाजता ते कुंपणापाशी जाऊन उभे राहत, तार धरून, पट्टी खिशात. तिसऱ्या दिवशी स्लीपरांचे उंचवटेही दिसेनासे झाले. पाचव्या दिवशी खडी कुठे संपते ते कळेना. वाळू, त्यांनी सांगितल्याप्रमाणेच, वाळूला धरत होती. रुळाच्या वाऱ्याकडच्या बाजूला ती आधी उतरणीसारखी लागली, मग रुळाच्या डोक्याशी आली, मग पलीकडे सांडू लागली. आत जाऊन एकदा, फक्त एकदा खराटा फिरवावा अशी ओढ त्यांच्या खांद्यांपासून मनगटांपर्यंत दाटून येई आणि ते तार अधिक घट्ट धरीत. कॅमेऱ्याचा काळा डोळा खांबावरून हे सारे पाहत होता.

एकतीस तारखेस सामान पिकअपमध्ये चढवून नूरुद्दीनने दोनदा हॉर्न दिला. मग उतरून स्वतःच कुंपणापाशी आला. “चला, सायब. विमान राहील.”

“अकराव्या खांबाशी दोनशे पाच,” युस्टेस म्हणाले. “फार तर दोनशे दहा.”

अकरा वर्षांत शहाण्णवच्या पुढे न गेलेला तो आकडा होता. नूरुद्दीनने सवयीने छातीवरच्या खिशाकडे हात नेला. पेन होते, लिहायला काही नव्हते. त्याने हात खाली घेतला. आत, कुंपणापलीकडे, रूळ कुठेही दिसत नव्हते. एकवीस खांब सरळ रेषेत उभे होते आणि त्यांच्यामधून वाळू वाहत होती.

युस्टेस गाडीत बसले आणि काच वर केली.